मोहाची सुट्टी

बिसराम टेकाम तसा कोणाच्या अध्यात ना मध्यात. देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या हद्दीकडे जाताना डांबर संपून मुरमाचा रस्ता लागतो, त्याच्या पुढे बेलारटोला नावाचं गोंडांचं लहानसं गाव आहे. तिथे त्याचं कौलारू घर, धानाच्या दोन-चार बांध्या आणि एक बैलजोडी. ग्रामसभेत तो मागे भिंतीला टेकून बसायचा आणि कोणी नाव घेतल्याशिवाय बोलायचा नाही. अशा माणसाबद्दल सांगण्यासारखं काय असणार, असं कोणालाही वाटेल. पण वर्षातले काही दिवस सारं गाव त्याच्या तोंडाकडे पाहायचं, कारण तो गावाचा भुमका होता.

भुमका म्हणजे गावदेवीचा पुजारी. त्याच्या अंगात येत नव्हतं, तो लिंबं कापत नव्हता आणि गंडेदोरेही बांधत नव्हता. बघायला आलेल्या माणसाची निराशाच व्हायची. पेरणीच्या आधी, नवा तांदूळ खायच्या आधी आणि मोह वेचायच्या आधी गावाच्या शिवेवर मातामायपुढे हात जोडायचे, एवढंच त्याचं काम. पण बेलारटोल्याची रीत अशी होती की भुमक्याने मोहाची पहिली ओंजळ मातामायपुढे ठेवल्याशिवाय कोणी एक फूलही उचलायचं नाही. इतर गावांत आधी वेचतात आणि मग सवडीने पूजा करतात. त्यांचं त्यांना लखलाभ.

दिवस ठरवायची त्याची पद्धत साधी होती. शिमगा झाला की तो रोज पहाटे मातामायजवळच्या जुन्या मोहाखाली जाऊन बसायचा. पडलेलं फूल बोटांनी दाबून पाहायचा, वर फांदीकडे पाहायचा आणि घरी यायचा. एके दिवशी घरी न येता तिथूनच हाक मारायचा. बापाने असंच केलेलं त्याने पाहिलं होतं. कसं कळतं, असं कोणी विचारलं तर तो नुसता हसायचा, कारण सांगण्यासारखं त्याच्याजवळ खरंच काही नव्हतं.

मोह म्हटला की शहरातल्या माणसाला फक्त दारू आठवते. बेलारटोल्यात मोह म्हणजे वर्षाचं मीठ-मिरची, दवाखाना, पोरीबाळींचे कपडे आणि आषाढात घरात काहीच नसलं तर शिजवून खायची सोय. फूल रात्रभर गळतं आणि उजाडल्यावर गुरांच्या तोंडी जातं, म्हणून सारं घर अंधारातच झाडाखाली हजर असायला हवं. त्यात मुलांचा हात सगळ्यात कामाचा, कारण त्यांना फारसं वाकावं लागत नाही. आणि शाळेची वार्षिक परीक्षा नेमकी याच दिवसांत, तीही सकाळी यायची. ही जुळणी कोणी केली कोण जाणे, पण त्याने मोहाचं झाड कधी पाहिलं नसावं.

बिसराम स्वतः चौथीच्या परीक्षेला बसला नव्हता. त्या सकाळी तो आईबरोबर झाडाखाली होता आणि मास्तर शाळेच्या पायरीवर वाट पाहून निघून गेले. त्याचा मुलगा संजू सातवीत असाच शाळेतून सुटला. तो आता गोंदियाच्या राईस मिलमध्ये पोती वाहतो आणि दिवाळीला घरी येतो. याबद्दल बिसरामने कधी गळा काढला नाही. मात्र शाळा समितीत नाव घालतो का असं विचारल्यावर तो लगेच हो म्हणाला होता. बैल चारताना तो शाळेच्या कुंपणाजवळच चारायचा, आणि आतून पाढ्यांचा आवाज आला की बैल पुढे गेले तरी तो तिथेच उभा राहायचा. घरात सून तुलसा आणि नात रिंकी होती. रिंकी पाचवीत होती आणि शाळेत पुढे होती. पाचवीत नापास झालं तर त्याच वर्गात ठेवायचा नियम आता आला होता, हे तिनेच आज्याला सांगितलं होतं.

त्या वर्षी राज्यपालांनी वनपट्ट्यातल्या सरकारी शाळा सुधारण्यासाठी काही सूचना केल्या. राज्यपाल कोण, कुठे राहतात, याच्याशी बेलारटोल्याला कर्तव्य नव्हतं. पण सूचना वरून खाली येत येत भैय्यालाल पटले गुरुजींपर्यंत पोचल्या. गुरुजी आमगावकडचे पोवार, रोज मोटारसायकलवर यायचे, आणि माणूस मनापासून शिकवणारा होता. पहिली सूचना अशी की लहान मुलांना घरच्या बोलीत शिकवावं. गुरुजींना पोवारी येत होती, मुलांना गोंडी. तेव्हा दोन्हीकडून मराठीवरच तडजोड झाली. दुसरी सूचना, गावातल्या जाणत्या माणसाने आठवड्यातून एकदा मुलांना जंगलाची माहिती द्यावी. म्हातारे मुन्नालाल एकदा आले, खुर्चीवर बसले आणि पंख्याच्या वाऱ्यात त्यांचा डोळा लागला. मुलांनी त्यांना उठवलं नाही.

तिसरी सूचना मात्र गावाच्या अगदी वर्मी लागली. शाळेच्या सुट्ट्यांपैकी दहाएक दिवस गावाने आपल्या हंगामाप्रमाणे ठरवावेत, असं त्यात होतं. म्हणजे दिवाळीची सुट्टी थोडी कमी करून तीच मोहाला घ्यायची. वरून आलेली आणि आपल्या अंगाला बसणारी अशी गोष्ट बेलारटोल्याने प्रथमच पाहिली. ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले, बिसरामने सगळ्यात आधी. एक अट अशी की हे पहिल्या वर्षी करून पाहायचं होतं: सुट्टी देऊनही मुलं परीक्षेला आली नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून ती बंद. आणि दुसरी अट, तारखा जून महिन्यातच कळवायच्या.

गुरुजी मोबाइल घेऊन बिसरामच्या ओसरीवर आले तेव्हा धानाच्या रोवणीची तयारी चालली होती. मोह कधी पडेल, असं त्यांनी विचारलं. बिसरामला वाटलं गुरुजी थट्टा करत आहेत. पुढच्या साली फूल कधी पडेल हे मोहालाच ठाऊक नाही, तर भुमक्याला कुठून असणार, असं तो म्हणाला. गुरुजींनी समजावून सांगितलं की तारीख टाकल्याशिवाय मोबाइल पुढेच जात नाही, आणि तारीख गेली नाही तर सुट्टीही गेली. अंदाजाने सांगा, म्हणाले. बिसरामने खळ्याकडे पाहिलं. रिंकी तिथेच बसून अभ्यास करत होती. शेवटी शिमग्यानंतरचे दिवस मनाशी धरून त्याने मार्चच्या अखेरीचे दहा दिवस सांगितले. झाडाखाली न बसता दिवस सांगणारा त्याच्या घराण्यातला तो पहिलाच भुमका.

मार्च आला आणि आभाळ भरून आलं. दोनदा गारा पडल्या, पहाटे अंगावर घ्यायला चादर लागू लागली. ठरल्याप्रमाणे शाळेला सुट्टी लागली आणि मुलं गावभर हुंदडू लागली, पण मोहाच्या फांद्यांवर नुसत्या कळ्या होत्या. बिसराम रोज पहाटे जायचा आणि रोज घरी परत यायचा. सुट्टी अशी कोरडीच सरली. कोणी त्याला बोल लावला नाही, कारण गारा काही त्याने पाडल्या नव्हत्या. मुन्नालाल एवढंच म्हणाले की सरकारी मोह पडून गेला, आता आपला पडेल.

आणि तो पडला तेव्हा परीक्षा दोन दिवसांवर आली होती. आभाळ स्वच्छ झालं, ऊन तापलं, आणि एका पहाटे जुन्या मोहाखालची जमीन पिवळी झाली. बिसरामने फूल उचललं, दाबलं. बोटांना रस लागला. हाक मारायचा दिवस हाच, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

हाक मारली तर आता रोज अंधारात सारं गाव झाडांखाली असणार, पोराटोरांसकट. शाळेत गुरुजी एकटे बसणार. परीक्षेला मुलं आली नाहीत असं वर कळणार आणि मोहाची सुट्टी कायमची जाणार. रिंकीही जाणार, कारण तुलसाच्या मदतीला दुसरं कोणी नव्हतं. आणि हाक नाही मारली, तर परीक्षा संपेपर्यंत भर गळतीचा मोह जमिनीवर सडणार. बिसरामच्या साऱ्या आयुष्यात त्याच्यावर काही ठरवायची पाळी अशी आली नव्हती. तो उठला आणि हाक न मारता घरी आला.

त्याच दिवशी गुरुजी धावत आले. वाटेत त्यांनी मोह पाहिला होता आणि त्यांचा चेहरा उतरला होता. बिसराम बैलांना पाणी दाखवत होता. त्याने त्यांच्याकडे न पाहताच सांगितलं.

"तुम्ही परीक्षा घ्या, गुरुजी. मोहाचं मी पाहून घेतो."

गुरुजींना ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि निघून गेले.

दुसऱ्या सकाळी अनुसयाबाई आल्या. अनुसयाबाईंना मूलबाळ नव्हतं आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची स्वतःची तीन झाडं होती आणि त्यांचं वर्ष त्या तीन झाडांवर निघायचं. वयाने त्या बिसरामपेक्षा मोठ्या, त्याला लहानपणी कडेवर घेतलेल्या. दाराशी उभं राहूनच त्यांनी विचारलं.

"बिसराम, फूल पडून राहिलं ना बा. तू काऊन थांबून राहिला?"

इथे त्याला खरं सांगता आलं असतं. पोरांची परीक्षा होऊ दे, थोडं सोसा, असं म्हणता आलं असतं. काहींनी ऐकलं असतं, काहींनी नसतं. आणि ज्यांनी नसतं ऐकलं त्यांची मुलं झाडाखाली गेली असती. त्या काहींची त्याला भीती वाटली.

"मातामाय अजून हो म्हणत नाही, बाई," तो म्हणाला.

अनुसयाबाईंनी मान हलवली. मातामाय म्हणत नाही म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. त्या गेल्या आणि वाटेत भेटेल त्याला हेच सांगत गेल्या. बिसराम ओसरीवर बसून राहिला. त्याने आजवर कोणाची फसवणूक केली नव्हती असं नाही, बैलाच्या वयाबद्दल तो बाजारात खोटं बोलला होता. पण मातामायचं नाव त्याने कधी असं वापरलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज घेऊनच तो कामाला लागला.

पुढचे दिवस गावाने कसे काढले ते गावालाच माहीत. माणसं झाडांखाली जायची, उभी राहायची आणि परत यायची. हरणं रात्री येऊन खाऊन जायची, गुरं दिवसा. पलीकडच्या गावच्या बाया टोपल्या घेऊन आल्या आणि बेलारटोल्याच्या झाडांखाली बिनदिक्कत वेचू लागल्या. त्यांच्यावर इथल्या भुमक्याचा हुकूम चालत नव्हता. कोणी त्यांना हटकलं नाही. देवीने आपल्याला थांबवलं आहे, त्यांना नाही, असं लोक एकमेकांना सांगत राहिले. अनुसयाबाई आपल्या झाडाखाली काठी घेऊन गुरं हाकलत बसायच्या, पण फुलाला हात लावत नव्हत्या. बिसराम त्या रस्त्याने जायचं टाळू लागला.

शाळेत मात्र एकही जागा रिकामी नव्हती. मुलं आंघोळ करून, केसांना तेल लावून वेळेवर येत होती. गुरुजींनी बारा वर्षांच्या नोकरीत असं दृश्य पाहिलं नव्हतं. रिंकी रोज घरी येऊन काय आलं, काय राहिलं ते आज्याला सांगायची आणि तो फार लक्ष देऊन ऐकायचा. शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या पहाटे बिसरामने मातामायपुढे ओंजळ ठेवली आणि हाक मारली. गाव टोपल्या घेऊन धावलं. पण गळती सरत आली होती, आणि खाली होता त्यातला अर्धा मोह काळा पडला होता. त्या वर्षी घरोघरी जेमतेम एकेक पोतं झालं, आणि अनुसयाबाईंचं तेवढंही झालं नाही.

एक मेच्या ग्रामसभेला गोंदियाहून शिक्षण खात्याचे साहेब आले. आजूबाजूच्या शाळांमध्ये त्या सुट्टीचा बट्ट्याबोळ झाला होता. बेलारटोल्याची शाळा तेवढी डोळ्यांत भरली होती. शाळेपुढे मांडव घातला, गुरुजींचा सत्कार झाला. मग साहेबांनी बिसरामचं नाव घेतलं. तो मागे भिंतीशीच होता. त्याला पुढे आणून खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. साहेब मराठीत सुरू करून हिंदीत शिरत बोलू लागले. राज्यपाल महोदयांच्या सूचना कागदावर राहतात की गावात उतरतात, हे तुमच्यासारख्या माणसांवर अवलंबून असतं, असं म्हणाले. आणि गुरुजींकडे कौतुकाने पाहत पुढे म्हणाले,

"पटले सरांनी मला सगळं सांगितलंय. मोह पडला होता, पूजेचा दिवस आला होता, पण बच्चों की परीक्षा के लिए या माणसाने पूजा थांबवली. इसको कहते हैं जागृती!"

गुरुजींनी ते चांगल्या मनानेच सांगितलं होतं. बिसरामने अनुसयाबाईंना काय सांगितलं होतं, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मांडवात कोणी टाळी वाजवली नाही. साहेबांना वाटलं माणसं लाजतात, म्हणून त्यांनी स्वतःच सुरुवात करून दिली. गुरुजींनी दोन-चार टाळ्या वाजवल्या आणि मग त्यांचेही हात थांबले. बेलारटोल्यात माणसं रागावली की आरडाओरडा करत नाहीत, बोलणं बंद करतात, हे गुरुजींना एवढ्या वर्षांत कळलं होतं. अनुसयाबाई उठल्या. त्यांनी बिसरामकडे एकदा पाहिलं आणि काठी टेकत घराकडे गेल्या. मग एकेक करून बायका उठल्या, मागून पुरुष. बिसराम शाल घेऊन उभा होता. उन्हाळ्याचे दिवस, घाम फुटला होता, पण ती काढून कुठे ठेवावी हे त्याला सुचेना.

संध्याकाळी गुरुजी घरी आले आणि माझं चुकलं म्हणाले. बिसराम म्हणाला, तुमचं नाही चुकलं, तुम्ही खरं तेच सांगितलं. त्याने त्यांना चहा दिला. तुलसा सासऱ्याला मामाजी म्हणायची. ती आतून म्हणाली की मामाजींनी जे केलं ते टुरीसाठी, रिंकीसाठी केलं, याचं कोणाला काहीच कसं वाटत नाही.

त्यानंतर कोणी त्याला वाळीत टाकलं नाही. त्याच्याशी बोलणं पूर्ववत झालं, पेरणीची पूजा त्यानेच केली, नव्या तांदळाचीही. रिंकी पास झाली आणि देवरीच्या आश्रमशाळेत जाऊ लागली. तिच्याबरोबरची सगळी मुलं पास झाली. मधल्या काळात ते राज्यपाल बदलून गेले आणि त्यांच्या इतर सूचना त्यांच्यामागोमाग गेल्या. मोहाची सुट्टी मात्र राहिली, कारण बेलारटोल्याची हजेरी तिच्या बाजूने होती. गुरुजींनी वर भांडून एवढं करून घेतलं की तारीख जूनमध्ये नाही, फूल पडल्यावर कळवायची. सगळं वाटेवर आलं असं बिसरामला वाटू लागलं होतं.

पुढच्या शिमग्यानंतर तो पुन्हा जुन्या मोहाखाली बसू लागला. पहिली फुलं पडायला लागली तशी मोहाच्या सुट्टीसाठी रिंकीही घरी आली होती, कारण आश्रमशाळेनेही ती सुट्टी उचलली होती. एका पहाटे घरातून निघतानाच त्याला वास आला आणि दिवस आज आहे हे कळलं. तो भराभर चालत शिवेवर पोचला. मातामायपुढे मोहाची ओंजळ आधीच ठेवलेली होती. ताजी, त्याच पहाटेची. बाजूला उदबत्ती अर्धी जळली होती, आणि धुळीत काठी टेकल्याच्या खुणा होत्या.

रानातून माणसांचे आवाज येत होते. सगळ्या झाडांखाली टोपल्या लागल्या होत्या आणि गाव वेचत होतं. कोणी हाकेची वाट पाहिली नव्हती. अनुसयाबाई त्यांच्या झाडाखाली दिसल्या. त्यांनीही त्याला पाहिलं, आणि पुन्हा खाली पाहून वेचू लागल्या. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि त्याने बिसरामला जास्त वाईट वाटलं. राग असता तर कधीतरी गेला असता.

तो थोडा वेळ मातामायपुढे उभा राहिला. हात जोडले, पण मागायला काही सुचलं नाही. मग तो आपल्या झाडाकडे वळला. तिथे तुलसा टोपल्या मांडून बसली होती आणि रिंकी तिच्याजवळ उभी होती. साऱ्या रानात तेवढ्या दोघी हात बांधून थांबलेल्या होत्या.

"आजा, पूजा झाली का?" रिंकीने विचारलं.

"झाली."

"तू केली?"

बिसराम खाली बसला आणि टोपली जवळ ओढली.

"नाही," तो म्हणाला. "अनुसयाबाईनं केली. आता आपल्याले मातामायचं तिले विचारा लागते." आणि त्याने पहिलं फूल उचललं.